जळणाच्या लागवडीत पान-परीक्षण : कोकणातल्या अकेशिया, सुरू आणि गिरिपुष्पासाठी

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला देठ परीक्षण (पानाचा देठ तपासून वेलीला कोणतं अन्नद्रव्य कमी पडतंय ते बघणं) समजावून सांगावं लागत नाही. कोकणात मात्र जांभ्याच्या माळावर जळणासाठी लावलेल्या अकेशियाचं (ऑस्ट्रेलियन बाभळीचं) किंवा किनाऱ्यालगतच्या सुरूचं पान कुणी प्रयोगशाळेत पाठवत नाही. लागवड करायची, पाच-सहा वर्षांनी तोडायची, फुटवा आला तर ठेवायचा, एवढंच. एकाच दिवशी लावलेल्या दोन तुकड्यांतला एक पुरुषभर उंच आणि दुसरा छपराला लागलेला असं का होतं, याचं उत्तर बहुतेक वेळा पानात सापडतं. फक्त ते पान बरोबर घ्यावं लागतं. चुकीच्या पानाचा अहवाल हातात असण्यापेक्षा अहवाल नसलेला बरा, कारण त्यावर विसंबून खतावर पैसे जातात.

ऊर्जेसाठी लावलेल्या झाडांच्या पान-परीक्षणावर बरंच काम थंड देशांत, विलोवर झालं आहे. आपल्याकडे सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज त्याचाच भाऊबंद. स्वीडन, इंग्लंडमध्ये विलोच्या काड्या हेक्टरी १५ हजारांच्या आसपास दाट लावतात आणि दर तीन-चार वर्षांनी बुंध्यापासून तोडतात. तिथे पहिला प्रश्न असतो नत्राचा. पानातला नत्र साधारण २ ते ३.५ टक्क्यांच्या पट्ट्यात कुठे बसतो, हे बघून खताचा निर्णय होतो. त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे, पण त्यांचे आकडे आपल्या झाडांना लावता येत नाहीत. अकेशिया, सुरू आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) ही तिन्ही झाडं हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींतून स्वतः मिळवतात. शिवाय आपली जांभी माती आम्लधर्मी आहे. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतं आणि चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पडणारा पाऊस पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम खाली धुऊन नेतो. म्हणून कोकणात अहवाल हातात आला की नजर आधी स्फुरदाकडे, मग पालाशाकडे जायला हवी. नत्राचा नंबर त्यानंतर.

पान म्हणजे नक्की काय तोडायचं

पहिली चूक इथेच होते. अकेशियाचं आपण ज्याला पान म्हणतो तो कोयरीसारखा वाकलेला, लांबट, जाड, समांतर शिरांचा भाग म्हणजे खरं तर पसरट झालेला देठ आहे. खरं पान बाभळीसारखं बारीक पिसाऱ्याचं असतं आणि ते रोपवाटिकेत पहिले काही आठवडेच दिसतं. त्यानंतर झाड देठालाच पानाचं काम देतं. नमुना या देठ-पानाचाच घ्यायचा. एखाद्या लहान रोपावर दोन्ही प्रकार दिसत असतील तर ते रोप सोडून द्या.

फांदीच्या शेंड्यापासून खाली मोजत या. पहिली दोन-तीन पानं फिकट, मऊ, तेलकट चकाकीची असतात. त्यानंतरचं पान गडद हिरवं, पूर्ण रुंदीचं आणि बोटाने दुमडलं तर कडक लागतं. हे साधारण चौथं किंवा पाचवं पान. सगळ्या झाडांवरून एकाच क्रमांकाचं पान घ्यायचं आणि तो क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. पुढच्या वर्षीही तोच. चौथ्या ऐवजी दहावं पान घेतलं तर नत्र, स्फुरद, पालाश कमी दिसतात आणि कॅल्शियम जास्त दिसतं. पानाचं वय वाढलं की आधीचे तिघे शेंड्याकडे निघून जातात, कॅल्शियम मात्र आहे तिथेच साचत राहतं.

सुरूची सुई हेसुद्धा पान नव्हे. ती हिरवी, सांधे असलेली बारीक डहाळी आहे. तिच्या प्रत्येक सांध्यावर भिंगातून दिसतील असे खवल्यांसारखे दात असतात, ती तिची पानं. त्यामुळे सुरूच्या बाबतीत वरच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या, उन्हात असलेल्या फांदीवरच्या हिरव्या डहाळ्यांची शेवटची १० ते १५ सेंटिमीटर लांबी खुडायची. तपकिरी, लाकूड धरू लागलेला भाग एक सेंटिमीटरही त्यात येता कामा नये. लाकडात अन्नद्रव्यं पानापेक्षा कितीतरी कमी असतात, नमुन्यात थोडं लाकूड मिसळलं तरी सगळे आकडे खाली येतात.

गिरिपुष्पाचं पान संयुक्त. एका मधल्या शिरेवर जोडीजोडीने पर्णिका आणि टोकाला एक. शेंड्यापासून तिसरं-चौथं पूर्ण उघडलेलं पान तोडून फक्त पर्णिका काढायच्या, मधली शीर टाकून द्यायची. शिरेसकट घेतलं तर पालाश फुगतो आणि नत्र पडतो. काहीजण शिरेसकट देतात. तेही चालेल, पण मग कायम तसंच द्यावं लागेल, कारण दोन पद्धतींच्या अहवालांची तुलना करता येत नाही.

कधी

विलोचा नमुना युरोपात जुलै-ऑगस्टमध्ये घेतात. वाढ जोरात असते आणि पानगळीआधी अन्नद्रव्यं खोडात परत जायला अजून सुरुवात झालेली नसते. आपल्याकडे हाच मुक्काम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत येतो. पावसाळी पालवी तोवर निबर झालेली असते, माती ओली असते आणि रस्त्याची लाल धूळ अजून पानावर बसलेली नसते. गिरिपुष्पाला उशीर करून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत ते पानं टाकू लागतं, फुलोऱ्यावर आलं की फांद्या उघड्याच असतात. पिवळं पडू लागलेलं पान तोडलं तर उरलेला सांगाडाच तपासायला जातो.

गिरिपुष्प वर्षातून दोन-तीनदा छाटत असाल तर तारखेपेक्षा छाटणीनंतरचे दिवस महत्त्वाचे. आठ ते दहा आठवड्यांचा फुटवा धरा आणि तीच मुदत दरवर्षी पाळा.

पाऊस थांबल्यावर किमान चार-पाच कोरडे दिवस जाऊ द्या, कारण पालाश पानातून पावसाच्या पाण्याबरोबर सहज उतरतो. फवारणी किंवा खत दिलं असेल तर चार आठवडे थांबा. वेळ सकाळची, दव सुकल्यावर, साधारण ८ ते ११.

तुकडे पाडणे आणि झाडं निवडणे

सगळ्या माळाचा एकच नमुना काढला तर त्यातून काही कळत नाही. आधी लागवडीत फिरून तुकडे पाडा : कातळ वर आलेला भाग, खोलगट जागा जिथे पावसाळ्यात माती साचते, उताराचा भाग, समुद्राकडची बाजू. वय, रोपांचा स्रोत आणि तोडणीचं वर्ष वेगळं असेल तर तुकडाही वेगळा. प्रत्येक तुकड्यातून २५ झाडं, नागमोडी चालत. कडेच्या दोन ओळी सोडा. मातीच्या रस्त्यापासून, चिरेखाणीपासून आणि वारुळापासून लांब राहा. जिथे पूर्वी राब भाजला होता (भाताच्या रोपांसाठी पाला पसरून जाळला होता) किंवा गुरं बांधली जात होती ती जागा हमखास टाळा, तिथला पालाश-स्फुरद बाकी माळाचा नसतो.

प्रत्येक झाडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातून, चार दिशांच्या उन्हातल्या फांद्यांवरून एकेक पान. २५ झाडं, १०० पानं. झाड उंच असेल तर बांबूला आकडी बांधून फांदी खाली ओढा. खालच्या सावलीतलं पान हाताला येतं म्हणून घेऊ नका.

या १०० चा हिशेब चुकवू नका. ९७ नको, १०३ नको. पुढे या १०० पानांचं सुकं वजन लागणार आहे आणि सगळ्या परीक्षणातला सगळ्यात उपयोगी आकडा तोच आहे. सुरूच्या डहाळ्यांची मोजणी करायची तर सगळ्या नेमक्या १० सेंटिमीटरला कापून १०० मोजा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोडी. ज्या तुकड्याची तक्रार आहे त्याच्याबरोबर त्याच वयाचा, त्याच रोपांचा, चांगला वाढलेला तुकडा त्याच दिवशी तपासायला पाठवा. आंबा-काजूसाठी पातळ्यांचे तक्ते मिळतात. जळणाच्या झाडांसाठी कोकणच्या मातीवर बेतलेला तक्ता हाताशी नसला तर शेजारचा चांगला तुकडा हाच तुमचा तक्ता.

तोडल्यापासून पुडी बंद होईपर्यंत

नमुना बिघडतो तो इथे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली पानं दुपारपर्यंत घामेजतात, श्वसन चालू राहून वजन घटतं आणि मग टक्केवारी फुगते. कागदी किंवा सुती पिशवी वापरा, सावलीत ठेवा, त्याच दिवशी धुवा. धुणं दुसऱ्या दिवसावर गेलं तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण गोठलेल्या पेशी फुटतात आणि वितळताना रस गळतो.

धुणं चार पाण्यांत. पहिलं साधं स्वच्छ पाणी. दुसरं, लिटरला २ मिली सौम्य द्रव साबण घातलेलं. कपड्यांची पावडर नको, तिच्यात स्फुरद किंवा बोरॉन असू शकतं. तिसरं अतिसौम्य आम्लाचं : एक लिटर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात सुमारे ८.५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. आधी पाणी, मग त्यात आम्ल, कधीही उलट नाही, आणि हातात मोजे. चौथं शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी, दोनदा. हे सगळं मिळून एका मिनिटाच्या आत संपवायचं. स्वच्छतेच्या हौसेपायी पानं दहा मिनिटं भिजत ठेवली की पालाश पाण्यात उतरतो आणि अहवालात नसलेली कमतरता दिसते. पानं अख्खी असतानाच धुवा, चिरून धुऊ नका.

जांभ्याच्या मुलखात धुणं टाळता येत नाही. तांबड्या धुळीत लोह भरलेलं असतं. अकेशियाच्या पानावर उताणा अंगठा फिरवला आणि बोट लालसर झालं तर तेवढ्या धुळीनेही लोहाचा आकडा कितीतरी वर जातो. अहवालात लोह अफाट दिसलं आणि जोडीच्या तुकड्यात तसं नाही, तर झाडाला लोह जास्त झालं असा निष्कर्ष काढू नका, धुणं कच्चं राहिलं असं समजा.

भांडी प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची. जस्ती बादलीत धुतलं तर जस्ताचा आकडा खोटा येतो, पितळेच्या खलात कुटलं तर तांबं आणि जस्त दोन्हींचा. घामट हातांनी पानं हाताळली तर सोडियम आणि क्लोराईड वाढतात, आणि किनाऱ्यावर नेमके तेच दोन आकडे हवे असतात.

धुतलेली पानं स्वच्छ सुती कपड्यावर सावलीत निथळवा. मग ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ४८ तास, वजन घटायचं थांबेपर्यंत. ८० च्या पुढे नको. पत्र्यावर उन्हात तापवणं किंवा चुलीच्या वर टांगणं अजिबात नको. ओव्हन नसेल तर सावलीत कुरकुरीत करून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा, कोकणच्या दमट हवेत सावलीत वाळलेलं पान रात्रीत पुन्हा ओलं होतं आणि आठवड्यात बुरशी धरतं. ओव्हनमधून काढलं की थंड होताच १०० पानांचं वजन ०.१ ग्रॅमपर्यंत घ्या, वहीत लिहा, मग हवाबंद डब्यात भरा.

चिठ्ठी पेन्सिलीने. तुकड्याचं नाव, झाड, वय, शेवटची तोडणी, पानाचा क्रमांक, तारीख, शेवटचा पाऊस कधी, १०० पानांचं सुकं वजन. शाईची चिठ्ठी दमट पुडीत पुसली जाते.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत नमुना देताना आधी विचारा की मातीबरोबर पानही तपासतात का. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, जस्त आणि बोरॉन मागा. किनाऱ्यापासून आत दोन-तीन किलोमीटरपर्यंतच्या लागवडीला सोडियम आणि क्लोराईडही. त्याच झाडांखालची ० ते ३० सेंटिमीटर खोलीची माती सामू (पीएच) बघायला सोबत द्या.

अहवाल वाचताना

आधी एका गैरसमजातून बाहेर पडा. अहवालातला स्फुरद मूलद्रव्य म्हणून मोजलेला असतो, खताच्या गोणीवरचा स्फुरद ऑक्साईडच्या रूपात लिहिलेला असतो. मराठीत दोघांनाही स्फुरदच म्हणतात, म्हणून हिशेब सव्वादोनपटीने चुकतो. अहवालातल्या स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशाला १.२० ने गुणलं की गोणीवरचा आकडा मिळतो.

आता जोडीचं उदाहरण. आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत. समजा अकेशियाच्या चांगल्या तुकड्यात १०० पानांचं वजन ४२ ग्रॅम, नत्र २.२ टक्के, स्फुरद ०.१०, पालाश ०.८५. खुरट्या तुकड्यात वजन २८ ग्रॅम, नत्र २.१, स्फुरद ०.०५५, पालाश ०.८०. नुसती टक्केवारी बघितली तर नत्र आणि पालाश दोन्हीकडे जवळपास सारखे. आता वजन आणि टक्केवारीचा गुणाकार करा. १०० पानांत स्फुरद किती? चांगल्या तुकड्यात ४२ मिलिग्रॅम, खुरट्यात १५.४. म्हणजे ३७ टक्केच उरला. नत्र ९२४ वरून ५८८, म्हणजे ६४ टक्के, आणि पालाश ३५७ वरून २२४, म्हणजे ६३ टक्के. पानाचं वजनही ६७ टक्क्यांवर आलं आहे. नत्र आणि पालाश पान लहान झालं म्हणून तेवढ्याच प्रमाणात घटले, स्फुरद त्याच्या पुढे जाऊन घटला. अडकलंय ते स्फुरदापाशी.

नत्र भागिले स्फुरद केलं तर चांगल्या तुकड्यात २२, खुरट्यात ३८. इतर झाडांत १६ च्या वर गेलं की स्फुरदाचा संशय घेतात. गाठींच्या झाडांत हा आकडा मुळातच चढा असतो, म्हणून १६ ची फूटपट्टी इथे लावू नका, दोन तुकड्यांतला फरक बघा.

वजन न घेता टक्केवारीवर निर्णय घेण्यातला धोका पुढच्या वर्षी दिसतो. समजा खुरट्या तुकड्याला स्फुरद दिला, १०० पानांचं वजन २८ वरून ४० ग्रॅम झालं आणि पालाश ०.८० वरून ०.६२ टक्क्यांवर उतरला. ‘स्फुरदाने पालाश पाडला’ असं वाटेल. पण ४० ग्रॅमला ०.६२ टक्के म्हणजे २४८ मिलिग्रॅम, पूर्वी होता २२४. पालाश वाढलाच आहे, मोठ्या पानात तो पसरून पातळ झाला. टक्केवारी घटली, एकूण मात्रा वाढली आणि वजनही वाढलं तर ती कमतरता नव्हे, पण पुढची टंचाई तिथून येऊ शकते एवढी सूचना जरूर आहे. टक्केवारी, मात्रा आणि वजन तिन्ही वाढले तर दिलेलं खत खरंच हवं होतं. टक्केवारी वाढली आणि वजन जागच्या जागी राहिलं तर झाडाने नुसता साठा केला, पैसे वाया गेले.

आणि गाठींच्या झाडात नत्रच कमी आला तर? युरियाकडे वळू नका. खुरपं घेऊन बारीक मुळं उकरा. अकेशिया-गिरिपुष्पाच्या मुळांवरची गाठ नखाने चिरली की आत गुलाबी-लालसर दिसली पाहिजे. आत पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर ती काम करत नाही. सुरूच्या गाठी वेगळ्या असतात, प्रवाळासारख्या कठीण फाटे फुटलेल्या, त्यांना ही रंगाची परीक्षा लावू नका, त्या आहेत की नाहीत एवढंच बघा. गाठी नसणं किंवा निर्जीव असणं यामागे बरेचदा स्फुरदाचीच टंचाई असते, कारण नत्र बांधायला स्फुरद भरपूर लागतो.

किनाऱ्यावर आणखी एक फसगत होते. पालाशाच्या टंचाईत जुन्या पानांची कड करपते, खाऱ्या वाऱ्यानेही कडच करपते. झाडाभोवती फेरी मारा. करपा फक्त समुद्राकडच्या अंगाला, नव्या-जुन्या सगळ्या पानांवर असेल तर तो मिठाचा. चारी बाजूंना पण खालच्या जुन्या पानांवरच असेल तर पालाशाचा संशय घ्या आणि सोडियम-क्लोराईडच्या आकड्यांवरून खात्री करा. शेंडा वारंवार मरून बाजूने झुपका फुटत असेल तर बोरॉन बघा. पण बोरॉनची टंचाई आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे, आकडा हाती नसताना बोरॅक्स टाकू नका.

खत देण्याआधी

अहवाल बरोबर वाचला का, हे दहा झाडांवर ठरवा. खुरट्या तुकड्यातल्या दहा झाडांना झाडामागे २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट द्या, शेजारची दहा तशीच ठेवा आणि बुंध्याला रंगाची खूण करा. २५० ग्रॅममध्ये गोणीच्या भाषेत ४० ग्रॅम स्फुरद असतो, अहवालाच्या भाषेत साडेसतरा. बुंध्यापासून दीड फुटावर, उताराच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राकार चर काढून एका जागी घाला आणि मातीने झाका. पसरून टाकलं तर जांभी माती ते लगेच बांधून टाकते. आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेटही चालतं, पण ते सावकाश लागू होतं, एका वर्षात निकाल मागू नका. पालाश द्यायचा ठरला तर जूनच्या झडीत नको, सप्टेंबरात पाऊस उतरल्यावर. पुढच्या ऑक्टोबरात दोन्ही दहांचं पान आणि वजन तपासा, मगच पूर्ण तुकड्याचा खर्च करा.

तोडणीच्या वेळी पाला कुठे जातो, हेही याच हिशेबात धरा. वर घेतल्यासारखं पान, २ टक्के नत्र, ०.०८ स्फुरद, ०.८ पालाश असेल, तर एक टन सुका पाला म्हणजे २० किलो नत्र, ०.८ किलो स्फुरद आणि ८ किलो पालाश. खताच्या भाषेत सुमारे ४३ किलो युरिया, ११ किलो सिंगल सुपर आणि १६ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. लाकूड विकत घेणाऱ्याला पाल्याचे पैसे द्यायचे नसतात, म्हणून डहाळ्यांसकट पाला तिथेच झोडून पसरवा. भाताच्या राबासाठी कवळ (जाळायचा डहाळी-पाला) म्हणून तो न्यायचाच असेल तर नत्र आणि गंधकाचा बराच भाग धुरावाटे जातो, पालाश आणि कॅल्शियम राखेत राहतात, आणि ते भाताच्या रोपांना मिळतात, माळाला नाही. काजू कारखान्याच्या भट्टीत हेच लाकूड जात असेल तर तिथली लाकडाची राख परत मागून आणा, पावसाआधी माळावर पसरवा. टरफलं किंवा इतर कचरा जाळलेली राख त्यात मिसळलेली नाही, एवढं बघून घ्या. राख आणि युरिया एकाच दिवशी एकाच जागी टाकू नका, नत्र वायू होऊन उडतो.

तोडलेल्या खोडावरचा फुटवा पहिल्या वर्षी भरमसाट मोठी पानं धरतो. जुन्या मुळांवर नवा पसारा पोसला जातो, त्यामुळे त्या वर्षीचे आकडे आधीच्या किंवा नंतरच्या वर्षांशी जुळत नाहीत. पहिल्या वर्षाची नोंद वेगळ्या पानावर ठेवा, आणि तुलनेसाठी फुटव्याच्या दुसऱ्या वर्षाचा ऑक्टोबर धरा.